बांगडा घ्यावा कसा, रांधावा कसा, राखावा कसा

जून आणि जुलै हे दोन महिने आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. पुढे नारळी पौर्णिमा येते. दर्याला नारळ वाहतात. पाऊस ओसरतो आणि बाजारात बांगडा दिसू लागतो. मालवण, वेंगुर्ले, देवगड या भागात तो भरपूर येतो. कधी रापणीला एकदम मोठा लाग होतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी दोन्ही बाजूंनी ओढायचे लांब जाळे. असा लाग झाला की बांगड्याचा भाव उतरतो आणि गरिबाच्या घरीही मासळी शिजते.

पापलेट आणि सुरमई महाग. बांगडा आणि तारली स्वस्त. पण स्वस्त म्हणून बांगडा हलका समजू नये. अंगाला बळ देणारी प्रथिने त्यात भरपूर असतात. त्याच्या अंगची चरबीही हृदयाला चांगली असते. वाढत्या पोरांना, गरोदर बाईला, कष्टाच्या माणसाला हा मासा फार उपयोगी आहे.

मात्र बांगड्यात एक खोड आहे. तो लवकर बिघडतो. आणि बिघडलेला बांगडा कितीही शिजवला तरी सुधारत नाही. हा पाठ त्यासाठीच लिहिला आहे.

पित्त उठते ते कशाने?

तुम्ही कधी असे पाहिले असेल. घरात बांगड्याचे कालवण झाले. सगळे जेवले. अर्धा-एक तास गेला आणि एकाचे तोंड लाल झाले. अंगावर गांध्या उठल्या, खाज सुटली. डोके दुखू लागले, छाती धडधडू लागली. कुणाला उलटी झाली, कुणाला जुलाब. मग घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणते, पित्त उठले. कुणी म्हणते, बांगडा उष्ण पडला. कुणी म्हणते, बांगड्यावर दूध प्यायला, म्हणून झाले. आजी मीठमिरच्या ओवाळून टाकते.

यातले बरेचसे दुखणे एकाच कारणाने होते. बांगडा मेल्यावर तो उन्हात, उकाड्यात राहिला की त्याच्या कल्ल्यांतले आणि पोटातले जंतू वाढू लागतात. जंतू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव. बांगड्याच्या मांसात एक पदार्थ असतो. त्याचे हे जंतू दुसऱ्या पदार्थात रूपांतर करतात. त्या दुसऱ्या पदार्थाला डॉक्टर हिस्टामीन म्हणतात. आपण त्याला माशाचे विष म्हणू. हेच विष पोटात गेले की अंगावर पित्त उठते. बांगड्याप्रमाणे तारली, कुपा आणि सुरमई यांतही हे होऊ शकते.

आता नीट ध्यान द्या. चुलीवर उकळले की जंतू मरतात, हे खरे. पण जंतूंनी आधीच करून ठेवलेले विष उकळल्याने जात नाही. तळल्याने जात नाही. मिठाने, आमसुलाने, लिंबाने, हळदीने जात नाही. बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवल्यानेही जात नाही. बर्फाने फक्त जंतूंची पुढची वाढ थांबते. म्हणून "जरा वास मारतोय, पण मसाला जास्त घालू, चांगले उकळू" हा विचार बांगड्याच्या बाबतीत धोक्याचा आहे. शिवाय हे विष झाले तरी मासा दर वेळी वास मारतोच असे नाही.

काही माणसांना मासळी मुळातच सोसत नाही, ती गोष्ट वेगळी. त्यांना ताज्या माशानेही त्रास होतो. ओळखण्याची एक खूण आहे. एकाच टोपातले कालवण खाऊन दोघा-तिघांना एकदम त्रास झाला, तर दोष बहुधा माशाचा.

तासांचा हिशेब

मास्तर माणसाला हिशेबाची खोड असते, तेव्हा आपण एक हिशेब करू. समजा, पहाटे सहा वाजता बंदरावर बांगडा उतरला. आठ वाजता टेम्पोत चढला. तेव्हा त्यावर बर्फ होता. दहा वाजता तो आतल्या गावच्या बाजारात पोचला. तोवर बर्फ वितळला. कुणी नवा घातला नाही. दुपारी एक वाजता तो फळीवर उन्हात. पाच वाजता विकणाऱ्याला घरी जायची घाई. त्याने भाव निम्मा केला. एका गृहस्थाने स्वस्त म्हणून वाटा घेतला. पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवली. वाटेत दोन ठिकाणी बोलत उभा राहिला. सात वाजता घरी आला. घरच्या बाईने आठ वाजता मासा साफ केला आणि नऊ वाजता पाने वाढली.

पहाटे सहा ते रात्री नऊ म्हणजे पंधरा तास झाले. त्यात बर्फ होता चारच तास. साफ करीपर्यंतचे बाकीचे दहा तास बांगडा उकाड्यात होता. आपल्याकडे पारा तीस अंशांच्या वर असताना काही तासांतच विष तयार होऊ लागते. इथे तर दहा तास गेले. या घरात बाईने कितीही हातकौशल्य दाखवले तरी तिचा इलाज चालत नाही. पाच वाजता भावात वाचलेले पन्नास रुपये दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जातात, आणि मजुरीचा दिवस बुडतो तो निराळाच.

तेव्हा बांगडा घेताना भावाच्या आधी दोन प्रश्न विचारावे. तो उतरला कधी? आणि बर्फात किती वेळ होता?

बाजारात बघायचे काय?

मासळी विकणाऱ्या बाईला विचारायला लाजू नये. आपल्या बाजारात असे बोलणे चालते:

"बांगडे कशे दिलंस गो बाय?"

"शंभराक पाच, वयनी. घे, ताजे आसत."

"कल्ले उघडून दाखव बघूया."

"बघ गो. लपवूक काय आसा?"

"आणि बर्फात कधीपासून आसत?"

"सकाळी होडीतसून उतरले, तेव्हापासून बर्फातच आसत."

जी बाई स्वतःहून कल्ले उघडून दाखवते, तिच्याकडून घ्यावे. एकाच बाईकडून नेहमी घेतले की तीही गिऱ्हाईक तुटू नये म्हणून खरे सांगते. ओळखीचा हाच मोठा उपयोग.

ताज्या बांगड्याची पाठ हिरवट निळी आणि तुकतुकीत असते. तिच्यावर काळसर ठिपके व पट्टे स्पष्ट दिसतात. पोट रुपेरी आणि घट्ट असते. डोळे फुगीर आणि काचेसारखे स्वच्छ असतात. कल्ले लाल असतात. वास समुद्राच्या पाण्यासारखा येतो. बोटाने दाबले तर खळगा राहत नाही, मांस लगेच वर येते. मासा शेपटाकडे धरून आडवा उचलला तर ताठ राहतो.

शिळ्या बांगड्याचे डोळे आत गेलेले आणि दुधी असतात. कल्ले तपकिरी, चिकट होतात. दाबले की बोटाचा ठसा तसाच राहतो. आणि पोट! बांगड्याचे पोट लवकर फुटते. पोट फुटून आतडी बाहेर आलेला बांगडा फुकट दिला तरी घेऊ नये. नुसते कल्ले लाल आहेत, एवढ्यावरही जाऊ नये. त्यांना रंग किंवा रक्त लावून फसवणारेही असतात. डोळे, पोट आणि वास या तिन्ही गोष्टी पाहाव्या.

एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मासा टिकावा म्हणून काही लोक त्याला फॉर्मेलिन नावाचे औषध लावतात. हे औषध इस्पितळात प्रेते टिकवायला वापरतात. खाण्याच्या जिनसांत ते घालणे गुन्हा आहे. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात हे प्रकरण फार गाजले. तेव्हा गोवा सरकारने परराज्यातून येणाऱ्या मासळीवर पंधरा दिवस बंदी घातली होती. असा मासा रबरासारखा ताठ लागतो, पण डोळे मात्र निस्तेज असतात. माशाचा नेहमीचा वास येत नाही, उलट औषधासारखा उग्र वास येतो. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने हे औषध ओळखण्याची कागदी पट्टी तयार केली आहे. गावात मासळीची तक्रार असेल तर ग्रामपंचायतीने ती जरूर मागवावी.

बाजाराला निघताना घरून झाकणाचा डबा न्यावा. थर्माकोलची पेटी मिळाली तर फारच उत्तम. मासळी शेवटी घ्यावी. आधी तेल-मीठ, भाजी, कापडचोपड काय ते उरकावे. मासळीवालीकडून चार मुठी बर्फ मागून घ्यावा, नाही दिला तर विकत घ्यावा. खाली बर्फ, मध्ये मासा, वर पुन्हा बर्फ. लांबचा पल्ला असेल तर किलोभर माशाला किलोभर बर्फ लागतो. एवढा बर्फ कशाला, असे वाटेल. पण उन्हाळ्यात तो सुद्धा घरी पोचेपर्यंत बराच वितळतो. बर्फ मिळालाच नाही तर ओले फडके गुंडाळून सावलीतून थेट घरी यावे. ओल्या फडक्याने थोडा गारवा राहतो, पण बर्फाचे काम फडके करीत नाही.

घरी आल्यावर

पिशवी खुंटीला अडकवून चहा प्यायला बसू नये. आधी मासा साफ करावा. जंतू मुख्यतः कल्ल्यांत आणि आतड्यांत असतात. तेवढे काढले की निम्मे काम झाले. पोट उभे चिरावे, आतडी काढावी, कल्ले उपटावे. पोटाच्या आतले काळे पापुद्रे खरवडून टाकावे. मग स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे. विळी आणि पाट लगेच साबणाने धुवावे. त्याच विळीवर न धुता काकडी चिरू नये. निघालेली घाण उघड्यावर टाकू नये, माश्या जमतात. ती माडाच्या बुडाशी खोल पुरावी. माडाला चांगले खत मिळते.

आता कालवण. प्रत्येक घरची रीत वेगळी, आणि प्रत्येकाला आपल्या आईचीच रीत बरोबर वाटते. आमच्याकडची सांगतो.

मध्यम आकाराचे चार बांगडे घ्यावे. प्रत्येकाचे दोन-तीन तुकडे करून मीठ-हळद लावावी. वाटीभर ओले खोबरे, आठ-दहा सुक्या मिरच्या, चमचाभर धणे आणि थोडी हळद एकत्र बारीक वाटावी. आठ-दहा तिरफळे घ्यावी. त्यांच्या आतले काळे बी काढून टाकावे आणि साले पाण्यात भिजवून जराशी ठेचावी. वाटप टोपात घेऊन पाणी घालावे आणि उकळी आणावी. मग तिरफळे, पाच-सहा आमसुले आणि मीठ घालावे. नंतर तुकडे सोडावे. सात-आठ मिनिटे मध्यम आचेवर शिजू द्यावे. मांस काट्यापासून सहज सुटू लागले की मासा शिजला. या वेळात डाव घालून ढवळू नये, तुकडे मोडतात. टोप दोन्ही हातांनी फडक्यात धरून हळूच हलवावा. उतरताना चमचाभर खोबरेल कच्चे सोडावे. तिरफळ नसले तर नुसता लसूण ठेचून घालतात, पण मग ते कालवण बांगड्याचे वाटत नाही, असे आमच्या घरचे मत आहे.

तिरफळावरून एक सूचना करावीशी वाटते. तिरफळाने जीभ जरा चुणचुणते. विष झालेला बांगडाही कधी कधी जिभेला तसाच झोंबतो. कालवणात हा फरक कळत नाही. तळलेल्या तुकडीत तिरफळ नसते. ती खाताना ओठ-जीभ चुणचुणू लागली तर घास तिथेच टाकावा. ताट पोरांच्या पुढूनही उचलावे.

तळायचे असल्यास माशाला दोन्ही अंगांना चिरा द्याव्या. आगळ, तिखट, हळद, मीठ आणि आले-लसूण चोळावे. अर्धा तास झाकून ठेवावे, आणि तो अर्धा तास उकाड्याचा असेल तर बर्फाच्या पाण्यात डबा ठेवावा. मग तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून त्यात घोळवावे आणि तव्यावर कमी तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करावे. लहान मुलांना काटे काढूनच द्यावे.

उरलेले कालवण

बांगड्याचे कालवण दुसऱ्या दिवशी जास्त लागते, हे कोकणात सर्वांना ठाऊक आहे. सकाळी भाकरीबरोबर शिळे कालवण मिळाले तर दुसरे काही नको. ही चव मी नाकारीत नाही. पण कालवण उघडे राहिले, त्यात उष्टा डाव गेला, माशी बसली, की पुन्हा नवे जंतू शिरतात आणि उकाड्यात पुन्हा तेच काम सुरू करतात. ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांनी जेवण झाल्याबरोबर, दोन तासांच्या आत, कालवण झाकून त्यात ठेवावे. सकाळी काढून खळखळून उकळावे. फ्रीज नसेल त्यांनी एका वेळेपुरतेच बांगडे आणावे. पाचऐवजी तीन आणले तर चालतात. पोरांना तुकडा आणि मोठ्यांना रस, असे पूर्वीपासून चालत आले आहे.

कच्चा बांगडा फ्रीजमध्ये ठेवायचा तर साफ करून, धुऊन, झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावा. तिथे तो एक-दोन दिवस राहतो. अधिक नाही. वरच्या बर्फाच्या कप्प्यात, उणे १८ अंशांवर, दोन-तीन महिने राहतो. त्यापुढे त्याची चरबी खवट होते. एका वेळी लागतील तेवढ्याच तुकड्यांची पुडी करावी. एकदा वितळवलेला मासा पुन्हा गोठवू नये. वितळवायचा तोही ओट्यावर उघडा टाकून नव्हे, रात्रीच खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावा. वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. वीज आली का हे बघायला दार उघडून आतला दिवा लावून पाहणारी माणसे असतात, त्यांना आवरावे.

मीठ लावून ठेवायचा बांगडा

ही आपली जुनी आणि चांगली रीत. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा खारा बांगडा उपयोगी पडतो. पण खारवायलाही ताजाच मासा घ्यावा. शिळा झाला म्हणून त्याला मीठ लावले तर विष आहे तिथेच राहते, वर मीठ तेवढे चढते.

मासा पाठीकडून चिरून पुस्तकासारखा उघडावा. आतडी, कल्ले काढून धुवावा. तीन-चार किलो माशाला एक किलो जाडे मीठ लागते. मीठ आतून-बाहेरून चोळावे. बरणीत एक थर मिठाचा, एक थर माशांचा असे रचावे. वर स्वच्छ दगडाचे वजन ठेवावे. मिठाला पाणी सुटून मासे त्यात बुडतात. एक-दोन दिवसांनी काढून मिठाच्याच पाण्यात विसळावे आणि उन्हात घालावे. वाळूवर किंवा जमिनीवर पसरू नये. बांबूची मांडवी करून त्यावर वाळवावे आणि वर जाळी टाकावी. म्हणजे खालून वारा लागतो, वाळू चिकटत नाही, कुत्री-कावळे आणि माश्या दूर राहतात. दोन-चार कडक उन्हे द्यावी. संध्याकाळी आत घ्यावे, नाहीतर दव पडते.

चांगला वाळलेला मासा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. पावसात उघडीप मिळाली की पुन्हा ऊन दाखवावे. खाऱ्या माशावर गुलाबी-लाल डाग दिसले किंवा बुरशी आली तर तो खाऊ नये. घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर त्याने हा मासा बेतानेच खावा. रांधण्यापूर्वी तासभर पाण्यात भिजवून ते पाणी टाकावे, म्हणजे खारटपणा कमी होतो.

त्रास झालाच तर

बांगडा खाल्ल्यावर तोंड लाल झाले, गांध्या उठल्या, तर उरलेले कालवण कुणी खाऊ नये. कुत्र्यामांजरांनाही घालू नये. बहुतेक वेळा हा त्रास बारा ते चोवीस तासांत ओसरतो. पण श्वास घ्यायला जड जात असेल, ओठ-जीभ सुजली असेल, चक्कर येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर घरच्या औषधात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखान्यात न्यावे. लहान मूल, म्हातारे माणूस, दम्याचा किंवा हृदयाचा रोगी असेल तर थोड्या त्रासातही डॉक्टरला दाखवावे. डॉक्टरला चार गोष्टी सांगाव्या: कोणता मासा खाल्ला, किती वाजता खाल्ला, त्रास किती वेळाने सुरू झाला, आणि तोच मासा खाऊन आणखी कुणाला त्रास झाला का. लिहिता येते त्याने हे कागदावर लिहून रोग्याबरोबर द्यावे. मासळी ज्या बाईकडून घेतली तिलाही त्याच दिवशी कळवावे, म्हणजे उरलेला माल ती विकणार नाही.